दोन सीपीयूंची वाटणी

वर्ध्याकडच्या आमच्या तळेगावात कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. त्या डब्याच्या आत, पंख्याखाली, बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा असतो आणि खरं काम तो करतो, हे सांगायला गेलं की गिऱ्हाईक जांभई देतं. मी तरी सांगायचो. समोरच्याला त्याचं अज्ञान दाखवायला मला आवडायचं. अजूनही आवडतं.

आमचा फोटो स्टुडिओ बसस्टँडजवळ, वडिलांच्या वेळचा. ते गेल्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून चालवत होतो. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. शूटिंग त्याचं, मिक्सिंग माझं. म्हणजे तो लग्नात कॅमेरा घेऊन मिरवायचा, पंगतीत आग्रहाने वाढून घ्यायचा, नवरीच्या आत्यांना हसवायचा. आणि मी दुकानात पडदा ओढून बसायचो, त्याने आणलेल्या पाच तासांच्या गोंधळातून दीड तासाची फिल्म काढायचो, गाणी बसवायचो, नवरा-नवरीभोवती उडती फुलं टाकायचो. फिल्म बघून लोक म्हणायचे, काय शूटिंग केलं पोराने! मिक्सिंग कोणी केलं, हे कधी कोणी विचारलं नाही. दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "लहाना भाऊ नाई का?" मी समोरच बसलेला असायचो.

दुकानात दोन सीपीयू होते. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले, एकाच दिवशी वर्ध्याच्या एका दुकानातून आणलेले. बोर्ड सारखा, रॅम सारखी, फरक फक्त प्रोसेसरचा. एकात पेंटियम, दुसऱ्यात सेलेरॉन. दोन्ही एकाच पिढीचे, दोन्ही स्वस्तातले, आणि दोन्ही आम्ही घेतले तेव्हाच जुने झालेले. दोघांनाही दोनच कोर, म्हणजे राबायला दोन-दोन माणसं. पेंटियमची गती जरा जास्त, आणि त्याची कॅश तीन एमबी, सेलेरॉनची दोन. कॅश म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावरची जागा समजा. ओटा मोठा असला की डबे सारखे वर-खाली करावे लागत नाहीत. एवढाच फरक. पण घरात दोनच वस्तू असल्या की एक चांगली ठरते आणि एक वाईट, तसं पेंटियम माझं झालं.

माझ्या सीपीयूवर दसऱ्याला आई कुंकवाचं स्वस्तिक काढायची, ते वर्षभर तसंच राहायचं. दुसऱ्याचं पुढचं झाकण तुटलेलं होतं, बटण आत गेलेलं, पेनाचं टोक घालून चालू करावं लागायचं. त्यावर भाऊ फोटो प्रिंट करायचा. माझ्या मशीनला मी त्याला हात लावू देत नसे. आणि गिऱ्हाइकांसमोर मी भावालाच सेलेरॉन म्हणायचो. "हा आमचा सेलेरॉन. चालते, पण दम लागते त्याले." लोकांना शब्द कळायचा नाही, पण टिंगल कळायची, ते हसायचे. तोही हसायचा. त्याच्या हसण्याचा मला जास्त राग यायचा.

एकदा लग्नसराई संपल्यावर, काम नव्हतं तेव्हा, त्यानेच काढलं, की दोन्ही मशीन खरोखर ताडून पाहू. एका हळदीची फिल्म घेतली. त्यात नवरदेवाचा मामा वीस मिनिटं एकच पाय उचलून नाचत होता. तीच फिल्म, तेच सॉफ्टवेअर, दोन्हींवर एकाच वेळी रेंडरला लावली, म्हणजे कापाकापी झाल्यावर शेवटची एकसंध फाइल बनवायला. पंखे घोंगावायला लागले. आम्ही दाराशी स्टूल टाकून बसलो. पहिला चहा झाला. माझ्या मशीनचं काम एक्केचाळीस मिनिटांत संपलं. मी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. त्याची पट्टी अजून पुढे सरकत होती. मग तीही संपली. अठ्ठेचाळीस.

तो घड्याळाकडे बघत राहिला. म्हणाला, "सात मिनिटं? दादा, येवढ्यासाठी तू मले तुह्या मशीनले हात लावू देत नव्हता?"

त्याने चिडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो मनापासून नवल करत होता. मी त्याला सांगितलं की कॅमेरा धरणाऱ्याला सात मिनिटांची किंमत कळत नसते, आणि त्या दिवशी त्याच्याशी बोललो नाही.

पुढच्या दिवाळीनंतर त्याने आईजवळ गोष्ट काढली. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आष्टीला त्याच्या सासऱ्याच्या ओळखीने एक गाळा मिळत होता. तिथे स्वतःचा स्टुडिओ टाकावा म्हणतो. मला विचारायची त्याची छाती झाली नाही, आईने विचारलं. मी एका शब्दात हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की आईच चपापली. तिला वाटलं, मला वाईट वाटलंय म्हणून तोडून बोलतो. खरं म्हणजे मला आनंद झाला होता. आता दुकानात येणारा माणूस मलाच बघणार होता, आणि तिकडे आष्टीत हा मिक्सिंगविना तोंडावर पडणार होता. त्याचा स्टुडिओ चालू नये असं मला वाटत होतं. हे मी तेव्हाही स्वतःपासून लपवलं नाही.

आमच्या घरात वाटणीची एक रीत आहे. आजोबांच्या वेळेपासून तीच. वाटे मोठ्याने पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्याने. मोठ्याने लबाडी केली तर चांगला वाटा धाकटा उचलून नेतो, म्हणून मोठा आपसूक सरळ वागतो. वडिलांची आणि काकांची शेती अशीच वाटली गेली होती आणि दोघांत मरेपर्यंत वाकडं आलं नाही. दुकान माझ्याकडे आणि शेतातला संत्र्याच्या बागेचा तुकडा त्याच्याकडे, हे आईनेच ठरवलं. कॅमेरा त्याचा त्याच्याकडे, माझ्याकडचा माझ्याकडे. राहिले दोन सीपीयू. आई म्हणाली, "ते तुमी रीतीनं करा."

रीत अशी की आता पेंटियम जाणार. धाकटा आधी उचलणार, आणि कोणता माणूस तुटक्या झाकणाचा सीपीयू उचलेल? निदान मी तरी उचलला नसता. मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं, की माझं मशीन, माझ्या खुर्चीसमोरचं, कुंकवाचं, आष्टीच्या गाळ्यात बसलंय आणि हा त्याच्यासमोर बसून हसतोय.

वाटणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो गाळ्याला रंग द्यायला आष्टीला गेला. मी शटर अर्धं ओढलं आणि दोन्ही सीपीयू उघडले. काम सोपं असतं. पंख्याच्या चार खुंट्या फिरवायच्या, पंखा काढायचा, बारीक लोखंडी दांडी वर करायची, की तो चौकोनी तुकडा हातात येतो. त्याच्या पाठीवर नाव कोरलेलं असतं. जुनी पेस्ट चिंधीने पुसली. ही पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि पंखा यांच्यामधला राखाडी मलम, ते नसलं तर उष्णता वर जात नाही. पेंटियम उचलला आणि तुटक्या झाकणाच्या डब्यात बसवला. सेलेरॉन माझ्या कुंकवाच्या डब्यात. दोन्हींना नवीन पेस्ट लावली, झाकणं बसवली, हात धुतले. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

आता भाऊ आपण होऊन कुंकवाचा डबा उचलेल, आत सेलेरॉन घेऊन जाईल, आणि रीतही मोडणार नाही. कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीत बघितलं तर प्रोसेसरचं नाव दिसतं, हे मला माहीत होतं. त्याने कधी पाहिलंच तर सांगायला उत्तर तयार ठेवलं होतं, की दुकानदाराने आपल्याला सुरुवातीलाच फसवलं असेल, मी काय आत डोकावून पाहिलं होतं? घरात तीन पिढ्यांत कोणाला जमली नाही ती लबाडी मला जमली, याचा मला त्या दिवशी चक्क अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने दोन्ही सीपीयू ओसरीवर सतरंजीवर ठेवले. हळदीचं बोट लावलं. मी म्हटलं, "घे बाबू, तुले पाह्यजे तो उचल."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग वाकून तुटक्या झाकणाचा सीपीयू छातीशी धरला.

"दादाचं सारं काम मशीनवरचं," तो आईला म्हणाला. "मी तं कॅमेऱ्यावाला. मले हेच पुरते."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं.  मला ओरडायचं होतं, की ठेव तो खाली. ओरडता येत नव्हतं. तो ज्याला सेलेरॉन समजून उचलत होता तो पेंटियम होता, आणि हे सांगायचं तर काल दुपारचं सगळं सांगावं लागणार होतं. आईने मला जवळ बोलावून माझ्या तोंडावरून हात फिरवला. भाऊ बसच्या टपावर बांधून ते मशीन घेऊन गेला.

मी फोनची वाट पाहायला लागलो. मशीन लावल्यावर त्याला फरक जाणवेल, तो प्रॉपर्टी उघडेल आणि विचारेल. एक आठवडा गेला, महिना गेला. तो फोन करायचा, आईची तब्येत विचारायचा, इकडचं-तिकडचं बोलायचा, मशीनचं नावच काढायचा नाही. मी मनाची समजूत घातली, की याला कशाला काय कळतंय? आणि इकडे माझ्या खुर्चीसमोर, माझ्या कुंकवाच्या डब्यात सेलेरॉन बसला होता. रेंडरला लावला की मला प्रत्येक वेळी ती जास्तीची मिनिटं मोजत बसावं लागायचं. कोणी दुसरा असता तर विसरला असता. मी विसरण्यातला नाही.

मार्चमध्ये, होळी झाल्यावर, तो आला. चादरीत गुंडाळलेला सीपीयू खांद्यावर, हातात संत्र्यांची पिशवी. आष्टीत त्याचं बरं चाललं होतं. मेमध्ये तिथल्या एका कृषी केंद्रवाल्याच्या मुलीचं लग्न त्याला मिळालं होतं. मोठं काम. लग्नानंतर पंधरा दिवसांनी पूजा होती, आणि त्या दिवशी अंगणात मोठा पडदा लावून सगळ्या गावाला फिल्म दाखवायची असं ठरलं होतं. मिक्सिंग तो आता स्वतःच शिकला होता. "हे एक लगन चांगलं निंगालं का आष्टीत माह्यं नाव झालं समज दादा," तो म्हणाला. "नाई निंगालं तं गाळा खाली करा लागते. मंग दुसऱ्याच्या हाताखाली." त्याआधी मशीन एकदा आतून साफ करून हवं होतं, धूळ फार झाली होती.

मी म्हटलं, आष्टीत नाही का कोणी साफ करणारा? तर म्हणाला, "हाये ना. पन हे मशीन मले दुसऱ्याच्या हातात देवाव वाटत नाई. तूच कर."

असं म्हणून तो हसला आणि तसाच उभा राहिला. माझ्याकडे बघत, काहीतरी तोंडाशी येऊन थांबल्यासारखा. मग म्हणाला, "तू काई बोलत नाई, मी बी बोलत नाई. पन मले मालूम हाये." आणि आईकडे जेवायला आत गेला.

 याला कळलंय. पहिल्या दिवसापासून कळलंय. माझी लबाडी माझ्यावरच उलटली हे याला ठाऊक आहे आणि आता मशीन माझ्याच हातात देऊन, संत्री आणून, हा माझी मजा बघतोय. दुसरा काही अर्थ माझ्या डोक्यात आलाच नाही. येण्यासारखा माझ्यात काही नव्हताच.

आत पाट सरकवल्याचा आवाज आला. मी दोन्ही सीपीयू उघडले. पेंटियम काढून माझ्या डब्यात घातला. सेलेरॉन त्याच्या तुटक्या डब्यात. पेस्टची नळी पिळली तर एकापुरतीच निघाली. ती मी माझ्याला लावली. दुसऱ्यासाठी मागच्या मोरीवर गेलो आणि दात घासायची टूथपेस्ट आणली. काही लोक अडीअडचणीला लावतात. दोन-चार आठवडे चालते, मग वाळून तिचा भुगा होतो आणि प्रोसेसर तापायला लागतो. हे मला माहीत होतं. चुकून झालं असं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही, आणि इथेही सांगणार नाही. धूळ मात्र मी मन लावून साफ केली. त्याने जेवून येऊन बघितलं, तर झाकण चकचकीत पुसलेलं. खूश झाला. चादरीत गुंडाळून घेऊन गेला.

मे महिन्यात आमच्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. लग्न झालं. शूटिंग म्हणे झकास झालं. पूजेच्या चार दिवस आधी दुपारी त्याचा फोन आला.

"दादा, मशीन बंद पडून राह्यली. रेंडरले लावली का अर्ध्या घंट्यात आपोआप बंद. आतापरेंत सहा वेळा झालं. काऊन होत असन?"

मला काय झालंय ते त्याच क्षणी कळलं होतं. आष्टी काही लांब नाही. पेस्टची नवी नळी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती, एप्रिलमध्येच आणलेली. मी म्हणालो, "जुना सेलेरॉन हाये बाबू. उन्हात दम टाकतेच. झाकन उघडं ठेव, कूलर समोर लाव."

 तो हळूच म्हणाला, "सेलेरॉन?"

"मंग काय हाये? तूच तं उचलला."

"हो," तो म्हणाला. "लावतो कूलर. तू येतं का दादा एकदा? येजो ना. चार दिवस राह्यले फक्त."

"येतो उद्या," मी म्हटलं. गेलो नाही. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, तो उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा आला, तिला म्हटलं माझ्याकडेच काम तुंबलंय. ते खोटं होतं. मी पेंटियमसमोर पाय पसरून बसलो होतो.

पूजेच्या दिवशी कृषी केंद्रवाल्याच्या अंगणात पडदा लागला, लोक जेवून खुर्च्यांवर बसले, आणि फिल्म नव्हती. भावाने कच्चं शूटिंग तसंच लावलं. नवरीच्या बापाने सगळ्यांसमोर ते बंद करायला सांगितलं आणि भरल्या अंगणात त्याला विचारलं, की तुला कॅमेरा कोणी हातात दिला. हे मी पाहिलं नाही. तळेगावातून पूजेला गेलेल्या चार जणांनी मला येऊन सांगितलं, चारही वेळा मी "काय सांगता!" म्हटलं, आणि चारही वेळा पहिल्यापासून ऐकलं.

पुढच्या आठवड्यात आर्वीहून माझ्या ओळखीच्या मेकॅनिकचा फोन आला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हसत होता. "तुह्या भावाचा सीपीयू आलता माह्याकडे. आत कोन्या येड्यानं टूथपेस्ट लावली होती रे! पुदिन्याचा वास अजून येत होता." मी विचारलं, भाऊ काय म्हणाला? "काई नाई. आत कोनता प्रोसेसर हाये म्हने, नाव वाचून दाखव. मी म्हटलं सेलेरॉन. तं म्हने पक्कं पाह्य. दोनदा वाचाले लावलं. मंग चिंधीनं सोताच पुसत बसला."

जूनमध्ये त्याने गाळा खाली केला. आता तो दुसऱ्यांच्या हाताखाली रोजाने शूटिंग करतो, कधी आर्वीला, कधी कारंज्याला. लग्नात दोन-तीन कॅमेरे असतात, त्यातला कोपऱ्यातला याचा. पुढे होऊन नवरा-नवरीला उभं करायचं काम मुख्य माणसाचं, ते आता त्याला नाही. मी त्याच्या भांडायला येण्याची वाट बघत होतो. मी तयारीत होतो. तू हसलास कशाला, माझ्या तोंडावर मला मालूम आहे म्हणालास कशाला, हे सगळं मी जुळवून ठेवलं होतं. तो आला नाही.

पोळ्याला आला, आईने बोलावलं म्हणून. आईने पुरण घातलं होतं. आम्ही दोघं शेजारी पाटावर बसलो. तो माझ्याशी बोलला नाही, पण आईच्या ते ध्यानात आलं नाही, कारण ती स्वतःच बोलत होती. वाढता वाढता ती त्याच्या पडलेल्या धंद्यावर आली, नशिबावर आली आणि मग माझ्याकडे वळली.

"तू तं आपल्याकडून काई कमी केलं नाई रे," ती मला म्हणाली. "मले सारं मालूम हाये. आष्टीले गेल्यावर दुसऱ्याच दिवशी यानं मले फोन केलता. रडत होता. म्हने आई, दादानं आपला चांगला पुर्जा माह्या मशीनमंधी घालून देला आन सोताले हलका ठेवला. मी म्हटलं, तुटकी तं तू आपल्या मनानं उचलली. तं म्हने, तेच तं! दादाले ठाऊक होतं का मी तुटकीच उचलीन. म्हनून तिच्यातच घातला. येवढा वळखते दादा मले, म्हने."

माझा हात ताटातच राहिला. तो मार्चमध्ये दारात उभा राहून हसला होता. मला मालूम आहे म्हणाला होता. आभार मानायला आला होता तो. मी ज्याला आयुष्यभर पायरीखाली उभं केलं, त्याने माझ्या लबाडीत माझी माया शोधून काढली होती आणि इतके महिने ती जपून ठेवली होती. दुसऱ्या कोणाला ते मशीन उघडूही दिलं नव्हतं. आणि मग आर्वीच्या त्या टेबलावर, दोनदा वाचून घेऊन, त्याने ती चिंधीने पुसून टाकली होती. मला रडू आलं नाही. भीती वाटली, की आता तो आईला सांगेल.

"सांगत काऊन नाई रे," आई त्याला म्हणाली. "दादाच्या तोंडावर तं कधी बोलला नाई. आज सांग ना."

भावाने पाण्याचा घोट घेतला. आईकडेच बघत, एकेक शब्द नीट उच्चारत तो म्हणाला, "हो आई. दादानं मले त्याचा चांगला प्रोसेसर देला. मी नाई म्हनीन म्हनून सांगतलं बी नाई. असा दादा कोनाले भेटत नाई."

आईने मला अर्धी पोळी जास्त वाढली. मी ती खाल्ली. ती तूप आणायला आत गेली तेव्हा मी त्याच्याकडे वळून काहीतरी म्हणायला लागलो. त्याने ताट उचललं आणि भिंतीपाशी सरकून तिकडे तोंड करून जेवायला लागला. तूप घेऊन आई आली, तसा तो पुन्हा वळून बसला.

तेव्हापासून तो सणावाराला येतो. आईसमोर मला दादा म्हणतो, माझ्या चांगुलपणाची ती गोष्ट आई काढते तेव्हा प्रत्येक वेळी मान हलवून हो म्हणतो. आई ती गोष्ट आता पाहुण्यांनाही सांगते. ती आत गेली की तो मला काहीच म्हणत नाही.